खाडीला सातबारा नसतो
(पनवेलच्या युवक बैठकीतलं भाषण)

मी व्याख्याता नाही. गोदीत माल उचलतो, मॅट्रिक झालोय, रात्री कविता लिहितो. आज एका म्हाताऱ्याबद्दल बोलणार आहे.

पनवेलच्या खाडीवरचा कोळी. सत्तरी उलटलेली. स्वभावानं तिरसट. "काय गावलं का?" विचारलं की शिवी हासडतो. पोरगा कंटेनर यार्डात लागला म्हणून त्याच्याशी अबोला. होडी विकत नाही, उधार मागत नाही. उधाण असो की भांग, पाग खांद्यावर टाकून निघतोच. येताना टोपलीत चार निवट्या, दोन चिंबोऱ्या. शेवटचा जिताडा कधी लागला, आठवत नाही. म्हणतो, "माझा नशीबच फुटलाय, पोरा." एकवीरेला नवस झाले. होडी पनवती म्हणून तिचा रंगही बदलून झाला.

हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याला 84 दिवस मासा मिळाला नव्हता. पु. ल. देशपांड्यांनी ते पुस्तक 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलं. वाचा, ताकदीचं आहे. पण त्या म्हाताऱ्याचा समुद्र जागेवर होता. आमच्या म्हाताऱ्याचं पाणीच सरकवलं.

ह्या नशिबाला तारखा आहेत. 1970 साली सिडको आली. 1989 साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. भराव पडले, तिवरं गेली. कोलंबीची पिल्लं तिवरांच्या मुळांत वाढतात. तिवर तोडलं म्हणजे पाळणा मोडला. वर तळोज्याच्या कारखान्यांचं पाणी कासाडी नदीतून खाडीत. 2017 साली तळोज्याची कुत्री निळी झाली, तेव्हा पेपरात फोटो आले. माशांचे फोटो कोण काढतो?

आता कुणी म्हणेल, भरपाई मिळाली ना? जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या लढ्यात जासईच्या बाजूला गोळीबारात पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली. पण कुणाला? ज्याच्या नावावर जमीन त्याला. खाडीला सातबारा नसतो.

27 फेब्रुवारी 2015 ला पुण्याच्या हरित न्यायाधिकरणानं निकाल दिला. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीनं 1630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख द्यावेत. ह्याच तालुक्यातलं गव्हाण त्यात आहे. म्हणजे कायद्यानंही मान्य केलं, हे नशीब नव्हतं, नुकसान होतं.

हे सगळं मी म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं बिडी विझवली. विचारलं, "त्यात माझा नाव हाय का?"

नव्हतं.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी भाकरी गिळवेना. गोदी वाढते तेव्हा माझ्या हाताला काम मिळतं, त्याच्या जाळ्यातलं जातं. हे लपवून मी इथं उभा राहणार नाही. आम्हा दोघांना एकमेकांचे दुश्मन ठरवणं मालकाला सोपं. आणि आपल्या बापजाद्यांनाही 'नशीब' हाच शब्द शिकवला होता. ह्याच जिल्ह्यात महाडला 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, तेव्हा तो शब्द पहिल्यांदा भिजला.

म्हणून टाळ्या नकोत, वह्या काढा. रविवारी कोळीवाड्यांत जाऊ. कोण मासेमारी करतो, कधीपासून, कुठलं जाळं, काय लागायचं, आता काय लागतं, सगळं नावानिशी लिहू. बायका मासळी विकतात, त्यांचीही नावं लिहू.

म्हातारा शिव्या देईल. ऐकून घ्या. त्याचं नाव मात्र यादीत पहिलं लिहा.