मनातली मूठ
(रौप्यमहोत्सवी संमेलनातील भाषण)

सगळ्यांनी उजवी मूठ आवळा, सोडा. आता हात न हलवता फक्त मनात आवळा.

अमेरिकेत १०९ स्वयंसेवकांच्या डोक्याला ६४ इलेक्ट्रोड लावून असंच करून घेतलं. उजवा हात स्वस्थ असताना मेंदूच्या डाव्या भागात सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी एक लहर असते. हात हलवला की ती दबते. नुसतं मनात आणलं तरी दबते, जरा कमी. संगणक ही खूण ओळखायला शिकतो आणि पडद्यावरचा ठिपका विचारानं सरकतो.

पक्षाघातानंतर माझ्या बाबांची मूठ वळत नाही. मी ओरडायचो, "बाबा, तुम्ही प्रयत्नच करत नाही!" आता त्यांचा हात हातात धरतो आणि म्हणतो, "आवळा, बाबा."