ध्वनिमुद्रणाचा सांधा



कॉल सेंटरातले रेकॉर्डर कसे जोडतात, हा विषय वसंत व्याख्यानमालेत शोभणारा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण जोडणी बिघडली की दंड कोणाला बसतो हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

“आपला कॉल रेकॉर्ड होत आहे” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ऐकणाऱ्याला वाटते, एकच यंत्र बोलणे पोहोचवते आणि तेच ते टिपून घेते. पुष्कळ ठिकाणी तसे नसते. एक्स्चेंज एका कंपनीचे, रेकॉर्डर दुसरीचा, आणि सांधा घालणारा तिसराच!

जुनी रीत अशी की, स्विचमधून जाणाऱ्या आवाजाची एक प्रत रेकॉर्डरकडे वळवायची. आवाज मिळतो, पण माणूस कळत नाही. दिसतो तो फक्त एक्स्टेन्शन नंबर. आता पाळ्यांच्या धंद्यात एकाच टेबलाशी दिवसा एक मुलगी बसते आणि रात्री दुसराच कोणी. कोणी केव्हा लॉगिन केले, कॉल कोणाकडे वळवला, किती वेळ होल्डवर ठेवला, ही बातमी एक्स्चेंज निराळ्या वाटेने पाठवते. ही वाट तुटली आणि आवाजाची चालू राहिली, तर रेकॉर्डिंग होतच राहते. त्यावर नाव मात्र आधीच्या माणसाचे पडू शकते.

एका कचेरीत आमच्या सभासद मुलीला ग्राहकाशी उद्धट बोलल्याबद्दल मेमो मिळाला. आम्ही रेकॉर्डिंग ऐकवा म्हणून हट्ट धरला. आवाज पुरुषाचा निघाला! गुण यंत्रानेच दिले होते. कानाने कोणी ऐकलेच नव्हते.

२०१६ साली ‘सिपरेक’ नावाची प्रमाण रीत प्रसिद्ध झाली. तीत एक्स्चेंजच्या बाजूने रेकॉर्डरशी स्वतंत्र संधान बांधले जाते, आणि आवाजासोबत बोलणाऱ्यांची माहितीही जाते. रीत चांगली आहे. पण रकाना असला म्हणजे तो बरोबर भरला जातोच असे नाही.

आमचा ध्वनिमुद्रणाला विरोध नाही. शेअर दलालाने फोनवरची ऑर्डर ध्वनिमुद्रित केलीच पाहिजे, असे सेबीने २०१८ साली बजावले, ते योग्यच झाले. ग्राहक शिवीगाळ करतो तेव्हा तेच रेकॉर्डिंग आमच्या पोरांचा साक्षीदार असते. प्रश्न आहे तो साक्षीदाराची उलटतपासणी कोणी करायची हा.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला संमतीवाचून मुभा ठेवली आहे. आणि आपली कोणती माहिती वापरली जाते हे विचारण्याचा अकराव्या कलमातला हक्क संमती देणाऱ्यालाच आहे. म्हणजे ज्याची संमतीच घेतली नाही त्याला विचारण्याचाही हक्क नाही! वकिलांनी यावर अवश्य बोलावे.

तोवर आम्ही करारातच मागतो: मेमोपूर्वी मूळ रेकॉर्डिंग ऐकवा, आणि त्या दिवशी सांधा केव्हा तुटला होता त्याची नोंद दाखवा. पहिली गोष्ट एका व्यवस्थापनाने मान्य केली. दुसरीला उत्तर आले की, ती नोंद आमच्याकडे नसते, सांधा घालणाऱ्या कंपनीकडे असते. आम्ही आता त्या कंपनीशी झालेल्या कंत्राटाची प्रत मागितली आहे.