तुरटी टाकण्याआधी



मी सॉफ्टवेअरमधली, आणि बोलणार आहे सांडपाण्यावर. सोसायटीच्या समितीवर गेले आणि तळघरातला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, माझ्या वाट्याला आला. तुमच्यापैकी अनेकांच्या सोसायटीत तो असेल. तक्रारही ओळखीची असेल : फ्लशला गढूळ पाणी येतं, ते बंद करा आणि टँकर मागवा.

हा गढूळपणा फक्त डोळ्यांना खटकतो असं नाही. बारीक कणांच्या आड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. पाण्यात सोडलेला प्रकाश कणांमुळे किती विखुरतो, त्यावरून गढूळपणा मोजतात. त्याचं एकक एनटीयू. कॅलिफोर्नियात वाळूच्या गाळणीतून काढून फ्लशला किंवा बागेला द्यायच्या पाण्यात २४ तासांची सरासरी २ एनटीयूच्या वर जाऊ देत नाहीत.

उपाय म्हटला की सगळ्यांना तुरटी आठवते. शाळेत शिकलोच होतो. बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियममुळे तो प्रभार नाहीसा होतो, कणांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. पण मात्रा फार झाली तर कणांवर उलटा प्रभार चढून पाणी पुन्हा गढूळ होऊ शकतं. म्हणून पाच-सहा भांड्यांत एकेक लिटर पाणी घ्यावं, प्रत्येकात वेगळी मात्रा घालावी, आधी जोरात, मग सावकाश ढवळावं आणि अर्धा तास ठेवावं. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी नितळ होतं, ती आपली.

मात्र त्याही आधी गढूळपणा कुठून येतो ते पाहावं. हवा सोडतात त्या टाकीतलं एक लिटर पाणी काचेच्या उंच मोजपात्रात घेऊन अर्धा तास न हलवता ठेवा. गाळ झटकन बसला, पण वरचं पाणी धुरकट राहिलं, तर बहुधा गाळ जुना झाला आहे. थोडा काढून टाकायला हवा. गाळ खाली बसतच नसेल, तर अनेकदा जिवाणूंना प्राणवायू कमी पडत असतो. आवाज होतो, वीज जाते म्हणून रात्री ब्लोअर बंद ठेवतात का, ते विचारा. बसलेला गाळ काही वेळाने बुडबुड्यांसह वर आला, तर तो तळाशी जास्त वेळ साचून राहतो आहे. आणि हे सगळं ठीक असेल, तर वाळूची गाळणी बॅकवॉश करून किती दिवस झाले ते पाहा.

यातलं काहीच न बघता तुरटी ओतत राहिलो, तर तुरटीचा खर्च वाढतो, गाळ वाढतो आणि दुखणं तसंच राहतं. मग लोक कंटाळून प्रकल्प बंद करायला सांगतात, आणि जे पाणी आपल्याकडेच होतं ते गटारात सोडून आपण टँकरची वाट बघतो.

तेव्हा घरी गेल्यावर एकदा तळघरात उतरा. तिथे काम करणाऱ्या दादांना विचारून मोजपात्र भरा. अर्ध्या तासाचं काम आहे. काय दिसलं ते आपल्या ग्रुपवर जरूर कळवा. बाई, सर, उत्तरं तपासायला तुम्हीही आहातच!