माफीचें कारण रयतेस कळावें
(एटापल्ली येथें दिलेलें भाषण)



गांवच्या पंचांनीं कुणाचा दंड माफ केला, तर तो चारचौघांत करतात व कारणही सांगतात. मग राज्याच्या माफीचें कारण झांकलेलें कां असावें, हा आमचा सवाल आहे.

राज्यघटनेच्या ७२ व १६१ या कलमांनीं राष्ट्रपति व राज्यपाल यांस शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार दिला आहे. तो असावाच. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील चिमूरच्या १९४२ च्या प्रकरणांत कित्येकांची फाशी अनसूयाबाई काळे आदींच्या खटपटीनें टळली.

परंतु दयेसही हिशेब हवा. जात, धर्म वा पक्ष पाहून दिलेली माफी टिकणार नाहीं, असें सुप्रीम कोर्टानें २००६ सालीं बजावलें. कारणच कळविलें नाहीं, तर जात पाहिली कीं न्याय पाहिला, हें रयतेनें ओळखावें कसें?

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४७२ व्या कलमानें फाशीच्या कैद्याच्या अर्जास मुदत घातली. राष्ट्रपतींचा निर्णय ४८ तासांत तुरुंगास कळवावयाचा. कारण कळविण्याचें बंधन मात्र नाहीं, उलट त्या निर्णयाची चौकशी कोर्टांत होऊं नये असें लिहिलें आहे!

पैसेवाल्याचा वकील कचेरींत खेटे घालील. तुरुंगांतल्या माडिया गड्याचा अर्ज लिहावा कुणीं? आणि ज्याच्या घरचा माणूस मारला गेला, त्या शेतकऱ्यास कोण विचारतो?

म्हणून कायदा असा व्हावा: प्रत्येक अर्जाची तारीख, निर्णय व कारण लोकांच्या भाषेंत प्रसिद्ध करावें, आणि दुखावलेल्या घराचें म्हणणें आधीं ऐकावें. ग्रामसभेनें हा ठराव करून आपल्या आमदारांकडे धाडावा, ही आमची विनंति आहे.