देहातील तरफा

जबलपूरजवळच्या रांझीलगत 1969 मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना उभा राहिला. चाकाचा घट्ट बसलेला नट सोडविताना कामगार लांब दांड्याचा पाना घेतो. दांडा जितका लांब, तितके बल कमी पुरते. पाना धरणाऱ्या त्याच हाताच्या कोपरात मात्र नेमका उलटा व्यवहार चालतो.

कोपर हा टेकू. दंडाचा द्विशिर स्नायू टेकूपासून सुमारे 4 सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो, तर तळहातावरील भार सुमारे 32 सेंटिमीटरवर. साहजिकच 5 किलोग्रॅमचे वजन आडव्या हातावर पेलण्यास स्नायूला 40 किलोग्रॅमच्या वजनाइतके बल लावावे लागते. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. सौदा तोट्याचा दिसतो खरा. परंतु स्नायू किंचित आखडतो तेवढ्या वेळात तळहात आठपट अंतर कापतो, आणि गोलंदाजाला वा भालाफेक्याला हवा असतो तो हाच वेग.

मल्ल तर प्रतिस्पर्ध्याच्या देहाचीच तरफ करतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान जखडून त्याला खाली फेकतात. मल्लाची कंबर टेकू होते. ती पुरेशी खाली गेली नाही, तर नुसत्या ताकदीवर समोरचा हलत नाही.

पाठीचे स्नायू मणक्याच्या टेकूपासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतात. जड चाक अंगाशी धरून उचलावयाचे ते याचसाठी. हात लांबवून उचलले, तर तोच भार कंबरेला कित्येक पटींनी सोसावा लागतो.