शाळेच्या बाकावर कॉलेजचा धडा

शहराच्या अगदी कडेला दूध आणि भाजीपाला, त्यापुढे जळाऊ लाकडाचे रान, मग धान्याची शेते आणि सर्वांत लांब गुरांची कुरणे. अशी मांडणी का व्हावी? प्रश्न आपल्या बांधावरचा वाटतो. पण अमेरिकेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तो कॉलेजच्या पातळीचा म्हणून शिकवतात!

फॉन थ्युनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने १८२६ साली याचे उत्तर ग्रंथरूपाने मांडले. दूध नासते, लाकूड वाहायला जड. म्हणून ती जवळ. धान्य टिकते. आणि गुरं? ती तर आपल्या पायांनीच बाजारात जातात! पुढे आगगाडी आली, शीतगृहे आली. तेव्हा ही वर्तुळे कुठे मोडली, हेही मुलांना सांगता यावे लागते. नुसती घोकंपट्टी इथे फारशी कामाला येत नाही, हे मला विशेष वाटते.

हा विषय मानवी भूगोलाचा. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाच्या योजनेत त्याची परीक्षा २००१ मध्ये सुरू झाली. ही योजना कॉलेज बोर्ड या संस्थेने १९५५ साली हाती घेतली. इतिहास तिच्यात आरंभापासून आहे. अर्थशास्त्र, मानसशास्त्र मागाहून आले. परीक्षा मे महिन्यात होते आणि १ ते ५ असा दर्जा मिळतो. ३ किंवा अधिक मिळाला, तर पुष्कळ कॉलेजे तो विषय झाला असे धरतात. काही मात्र ४ किंवा ५ च मागतात. तिथे कॉलेजचा खर्च भारी. एक विषय आधीच पदरात पडला, तर घरच्यांना तेवढाच हातभार.

पण खेड्यातल्या लहान शाळेचे काय? इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल सारे एकाच गुरुजींच्या गळ्यात. चार मुलांसाठी निराळा तास त्यांनी कुठून काढावा? त्यामुळे शहराजवळच्या मोठ्या शाळांत असे वर्ग पुष्कळ आणि लहान शाळांत थोडे. शेतीच्या वर्तुळांचा धडा शेतातल्या मुलालाच दुर्मिळ, म्हणजे बघा!

वर्गात न बसता, घरी अभ्यास करूनही परीक्षा देता येते. काही ठिकाणी संगणकावरून तास होतात. मात्र आपल्या शाळेत परीक्षेची सोय नसेल, तर दुसऱ्या शाळेत जागा मागावी लागते. त्यासाठी मेची वाट पाहून चालत नाही; नावनोंदणी आदल्या वर्षाच्या शरद ऋतूतच करावी लागते.