मिरजेच्या दारी आपलं स्वागत



‘समकालीन साहित्यातील कुटुंब, शरीर आणि तगून राहणं’ या विषयावर मिरजेत संमेलन घ्यायचं ठरलं, तेव्हा काहींनी विचारलं की पुण्या-मुंबईचा विषय इथे कशाला? माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: हा विषय आमच्या गावाचाच आहे.

1894 साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय उभारलं. आमच्या आज्या-पणज्या त्याला नुसतं ‘मिशन’ म्हणायच्या. तेव्हापासून कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, विजापूर भागातली माणसं आजारी देह घेऊन मिरज जंक्शनवर उतरत आली आहेत. आज गावात जिकडे पाहावं तिकडे दवाखाने आहेत.

पण माझा जीव अडकलाय तो मिशनच्याही आधीच्या एका माणसात. कुरुंदवाडच्या एका लहान मुलाचे डोळे दत्तजयंतीच्या दारूकामात भाजले. उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं, डॉ. भडभडे यांच्याकडे. दृष्टी पूर्ववत झाली नाही, पण मुलाच्या गळ्यात सूर आहे हे डॉक्टरांनी ओळखलं आणि त्याला गाणं शिकवा असा सल्ला दिला. मिरज संस्थानाच्या आश्रयानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम सुरू झाली. तो मुलगा म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1931 साली देह ठेवला तो पुन्हा मिरजेतच. पलुस्करांच्या चरित्रात भडभडे डॉक्टर एखाद्या ओळीपुरते येतात. मला त्या ओळीचं फार मोल वाटतं. डोळा वाचवता आला नाही म्हणून त्या डॉक्टरांनी हात झटकले नाहीत, या मुलाला पुढे जगायचं कशाच्या आधारावर, हा विचार केला. आपल्या दोन दिवसांच्या चर्चेत या भल्या माणसाचं नाव एकदा तरी निघावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

असंच दुसरं उदाहरण नारायण श्रीपाद राजहंस यांचं. कानाच्या दुखण्यावर इलाज करून घ्यायला शाहू महाराजांनी त्यांना मिरजेला पाठवलं आणि 1905 साली इथेच ते शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले. साऱ्या महाराष्ट्राचे बालगंधर्व! डोळ्यासाठी आला तो गायक झाला, कानासाठी आला तो नट झाला. असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

आणि सतारमेकर गल्ली? पाहुण्यांनी ती पाहिल्याशिवाय गाव सोडू नये. तिथल्या सतार घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले, हातचं काम गेलं, तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंबोरा घडवायला घेतला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा अजूनही वाळवून, चिरून, आतून खरवडून इथे साफ होतो. तारेखाली दोरा सरकवत, घोडी घासत, कान लावून जवारी काढणारा कारागीर जवळून पाहा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे याच कामावर तगून राहिलेली कुटुंबंच्या कुटुंबं आहेत.

साहित्याबद्दल मी वाचक म्हणून थोडंच बोलतो, पुढचं तुम्हा जाणकारांकडे. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ हे आत्मकथन वाचताना, हातच्या कामावर घर तगवणारी आई पाहून, मला सतारमेकर गल्लीतली घरं आठवली. कविता महाजनांची ‘भिन्न’ ही कादंबरी एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांची आहे आणि आमच्या सांगली जिल्ह्यानं त्या आजाराचा काळ घराघरांत सोसला आहे. आमचं दुकान औषधांचं. पदराची गाठ सोडून, पैसे मोजून, ‘अर्धीच पट्टी द्या, नवऱ्याला सांगू नका’ म्हणणाऱ्या बाया मी काउंटरवर पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल इतकं खरं कुणी लिहू शकतं, हे मला त्या पुस्तकानं दाखवलं.

आता व्यवस्थेबद्दल. निवासाच्या खोल्या कमी पडल्या, त्याची मी हात जोडून क्षमा मागतो. गावातले लॉज रुग्णांच्या नातेवाइकांनी भरलेले असतात. त्यांना उठवून पाहुण्यांची सोय करा, असं सांगायला आमची जीभ रेटली नाही. म्हणून काही जणांची सोय मिरजकरांच्या घरी केली आहे. तिथे रात्री कुणाचं बाळ रडलं, पहाटे नळाला पाणी आलं म्हणून घागरींचा आवाज झाला, तर सांभाळून घ्यावं. ध्वनिक्षेपक मधूनच घुमतो. मागच्या रांगेपर्यंत पंखे पोचलेले नाहीत. व्हीलचेअरसाठी लाकडी उतरण काल रात्री पुरी झाली, तिचा रंग अजून ओला आहे, कृपया कठड्याला हात लावू नये.

दोन्ही दिवसांचं जेवण शहरातल्या औषध विक्रेत्यांनी उचललं आहे. लक्ष्मी मार्केटमधल्या भाजीवाल्या मावश्यांनी भाजीचे पैसे घेतले नाहीत, त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत? मंडप, सतरंज्या, पाण्याचे जार, स्टेशनवरून ने-आण करणाऱ्या रिक्षा हे सगळं लोकांनी आपण होऊन दिलं. सतारमेकर मंडळींनी व्यासपीठासाठी तंबोऱ्यांची जोडी धाडली आहे. परिचारिका विद्यार्थिनी ड्युटी संपवून नोंदणीच्या टेबलावर बसल्या आहेत. ज्यांनी नाव न छापण्याच्या अटीवर देणगी दिली, त्यांची अट आम्ही पाळली आहे, पण ऋण विसरलेलो नाही.

दुपारच्या जेवणात खपली गव्हाची खीर आहे, ती चुकवू नका. कूपन नोंदणीच्या टेबलावरच मिळतील.

आपणा सर्वांचं मिरजनगरीत मनःपूर्वक स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.